विहिरीतला राक्षस आणि आमची अभिप्राय वही : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अचलपूरहून चिखलदऱ्याच्या घाटाकडे निघालं की सपाटी संपायच्या जरा अलीकडे आमचं गाव लागतं. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला कपाशी आणि तूर, उत्तरेला मेळघाटाचे डोंगर. गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं. मी तिथे ग्रंथपाल आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल अशा दोन-चार खुणाही बदलल्या आहेत. बाकी जसं घडलं तसं.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आमच्याकडे दरवर्षी एकाच साच्यात व्हायचा. कलामांच्या फोटोला हार, शाळेतली पन्नास मुलं सतरंजीवर, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, त्यातली निम्मी उलटी धरलेली. फोटो निघाला की पुस्तकं परत कपाटात. या वेळी मी कार्यकारिणीपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला : त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला एकच कादंबरी मोठ्याने वाचायची, चार बैठकांत संपवायची. ज्याला वाचता येतं त्याने यावं, ज्याला येत नाही त्याने तर यावंच. कापूस वेचणीचा जोर वाढला की बाया संध्याकाळी अंग टाकतात, म्हणून चारपेक्षा जास्त बैठका नकोत हे आधीच ठरलं.

कादंबरी मी निवडली. पुण्याच्या एका प्रकाशनाची, विनोदी प्रेमकथा, नायक राक्षस. नायिका बत्तीस वर्षांची, गावात सेतू केंद्र चालवते. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना तिला तोंड बांधलेला तांब्याचा गडवा सापडतो. ती तो उघडते आणि चारशे वर्षांचा राक्षस बाहेर येतो. त्याला खोटं बोलता येत नाही, बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरठा ओलांडता येत नाही, आणि एका बैठकीला चाळीस भाकरी लागतात. त्याचं आधार कार्ड काढायचं तर जन्मतारीख काय टाकायची, इथून गंमत सुरू होते. मधल्या भागात त्याचे तीन भाऊ त्याला परत न्यायला जंगलातून येतात.

पहिली आठ प्रकरणं वाचून मी दोन प्रती घेतल्या आणि दाखल नोंदवहीत चढवल्या. उरलेली पुढे वाचू म्हटलं. आठ म्हणजे निम्मीही नव्हती. भाऊ नवव्या प्रकरणात येतात.

पहिल्या दोन बैठका : वाचकांचं म्हणणं

पहिल्या शनिवारी २३ जण आले, दुसऱ्या शनिवारी ३१. प्रत्येक बैठकीनंतर अभिप्राय वही फिरवायची, लिहिता न येणाऱ्याचं शेजारच्याने लिहायचं, अशी पद्धत ठेवली होती. ती वही आता माझ्यासमोर आहे. दुसऱ्या पानावर हळदीचं बोट उमटलंय, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी चाळीस भाकरींचा हिशेब मांडलाय.

तो हिशेब किराणा दुकानदाराचा. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या आठ-नऊ भाकरी होतात, म्हणजे एका बैठकीला साडेचार ते पाच किलो पीठ. खाली लिहिलंय : 'पोरीकडे दोन एकर कोरडवाहू. राक्षस दिवाळीपर्यंत पुरत नाही. लेखकाने उधारीची वही दाखवायला पाहिजे होती.' मला हा त्या वहीतला सगळ्यात नेमका अभिप्राय वाटतो. लेखकाने राक्षस मानायला लावला तो त्याने मुकाट मानला. भाकरीचं पीठ मात्र कुठून येतं हे त्याला कळायला हवं होतं.

सगळ्यात मोठा वाद राक्षसाच्या जातकुळीवरून झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी पहिल्या रांगेत, पाय लांब करून. त्यांचं म्हणणं त्यांच्या नातीने शब्दाला शब्द उतरवलं : 'मुंजा असता तं समजलं असतं. त्याचं लगन राह्यलं असते, म्हणून थो पिंपळावर झुरत बसते. राक्षसाले कायची कमी? थो कायले सेतूवाल्या पोरीच्या मांगं लागीन?' यावर मागून कुणीतरी चकवा काढला, कुणी हडळ काढली, आणि अर्धा तास नुसती वर्गवारी चालली. चकवा वाट चुकवतो पण प्रेम करत नाही. हडळ करते, पण बाईमाणूस. मुंजा सगळ्यात बिचारा. शेवटी एकमत असं झालं की लेखकाला मुंजाच लिहायचा होता, पण मुंजा मुलगाच असतो, मिशी फुटायच्या आधी गेलेला, म्हणून नायक करायला राक्षस घेतला.

एका निवृत्त गुरुजींनी राक्षसाची बाजू घेतली. गुरुजी ग्रामगीतेचे वाचक, कीर्तनाचा कान असलेले. त्यांनी आदिपर्वातली हिडिंबा काढली. तिचं भीमावर मन बसलं तेव्हा धर्मराजाने अट घातली होती : दिवसभर भीमाला कुठेही ने, रात्र झाली की आमच्याकडे परत आणून सोड. 'राक्षसांचं बळ रात्री, आणि नवरा मिळाला तो फक्त दिवसा,' गुरुजी म्हणाले, 'यापेक्षा विनोदी अट या पुस्तकात असेल तर दाखवा.' ती अट घटोत्कच होईपर्यंतची होती, हे ऐकून आजी म्हणाल्या, 'म्हंजे बाळंतपनापुरताच संसार!'

दुसरी तक्रार अशी की या राक्षसाला गावच नाही. लोणारला लवणासुर आहे, विष्णूने तो मारला म्हणून तिथे दैत्यसूदनाचं देऊळ. आमच्या डोक्यावर चिखलदरा, म्हणजे कीचकदरा, भीमाने कीचकाला मारून टाकला ती दरी. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालं हे शाळेत शिकलेली पोरंही बसली होती, त्यांना दोन्ही एकाच वेळी खरं मानायला काही अडचण आली नाही. एक जण म्हणाला, 'आपल्या मुलखात राक्षस पडला का तिथं तळं होते नाईतं दरी होते. ह्याच्या गडव्यानं तं विहिरीचं पानीबी वाढलं नाई.'

उंबरठ्याच्या नियमावर मात्र बाया गप्प झाल्या. राक्षस दाराबाहेर उभा राहून 'येऊ का?' विचारतो, नायिका तीन रात्री 'नको' म्हणते आणि तो खरंच येत नाही. हा नियम आपल्याकडच्या भुतांचा नाही, परदेशी व्हॅम्पायरच्या गोष्टींतून आलेला आहे. आपली भुतं विचारत बसत नाहीत. मी हे सांगितलंही, पण त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. बचत गटातल्या एका सुनेने वहीत एवढंच लिहिलं : 'विचारते हे आवडलं.' सही नाही.

तक्रार

दुसऱ्या बैठकीनंतर चार दिवसांनी अर्ज आला. बारावीतल्या एका मुलीचे वडील. अर्जात दोन गोष्टी होत्या : अशा पुस्तकाने अंधश्रद्धा पसरते, आणि तरुण मुलींच्या मनावर वाईट परिणाम होतो. पुस्तक काढून टाकावं, नाहीतर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे तक्रार करू.

खरं सांगायचं तर आम्ही याचीच वाट पाहत होतो. कार्यक्रम ठरला तेव्हाच कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ म्हणाले होते, 'गाडगेबाबांच्या जिल्ह्यात भुताखेतांचं वाचन?' त्यांच्यासाठी मी तयारी करून ठेवली होती. जादूटोणाविरोधी कायदा काढला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर त्याच वर्षी, २०१३ मध्ये झालेला. त्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारहाण करणं, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं अशा. गोष्ट सांगून हसवणं त्यात कुठेही बसत नाही. शिवाय गाडगेबाबा स्वतः कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून, हसवूनच देवऋष्यांच्या नादातून सोडवत. उत्तर पक्कं होतं, आणि ते द्यायला मी उतावीळ होते.

पर्याय

कार्यकारिणी बसली. पुस्तक देवघेवीतून काढावं, हा पहिला पर्याय. पण अनुदानातून घेतलेलं, दाखल झालेलं पुस्तक एका अर्जावर गायब करता येत नाही. निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याची, रीत आहे, आणि तिथे कारण लिहावं लागतं. 'राक्षस प्रेमात पडला' हे कारण कुणाला लिहायचं नव्हतं.

दुसरा पर्याय अध्यक्षांचा : पुस्तक कुलपाच्या कपाटात ठेवू, मागेल त्या प्रौढ वाचकाला देऊ. ऐकायला हा मधला मार्ग वाटतो. माझा अनुभव असा की कुलपातलं पुस्तक गावातली सगळी पोरं वाचतात आणि ते कधीच धड परत येत नाही. तिसरा पर्याय बैठका बंद करून पुस्तक राहू देण्याचा. त्याला दोन मतं मिळाली. चौथा माझा : अर्जाला लेखी उत्तर द्यायचं, पण त्याआधी अर्जदाराला पुस्तक वाचायला द्यायचं.

चौथा ठरला. वडिलांनी पुस्तक नेलं, आठवड्याने सहा प्रकरणं वाचून आले. टेबलावर ठेवून म्हणाले, 'राक्षस बरा हाये मॅडम. पन ते पोरगी मायले उलटून बोलते, ते बरं नाई.' अंधश्रद्धेचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी कायद्याचा कागद ड्रॉवरमध्ये परत सरकवला. अर्ज त्यांनी मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही.

मधल्या काळात सगळं लक्ष या अर्जावर होतं. तिसऱ्या बैठकीची तयारी मी शनिवारी दुपारी, स्वयंपाक करता करता केली.

तिसरी बैठक

नववं प्रकरण भावांचं. नायक राक्षस सबंध पुस्तकभर पुस्तकी, प्रमाण मराठी बोलतो : 'आपली अनुमती असेल तर मी आत येऊ शकेन.' त्याचे भाऊ मात्र 'कायले', 'मले', 'जाऊन रायलो' असं बोलतात. ते अडाणी आहेत, खादाड आहेत, मोबाइल बघून झाडावर चढतात. एका प्रसंगात गावकरी त्यांना उंच खांबाला बांधतात, त्यांच्याभोवती ढोल वाजवून फेर धरतात, आणि सगळ्यात थोरल्या भावाला 'मेघनाथ, मेघनाथ' म्हणून चिडवतात.

मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, आवाज काढून वाचलं. मी अमरावतीत शिकलेली, घरी प्रमाण बोलणारी. मला वऱ्हाडी नक्कल चांगली जमते, लग्नाकार्यात करतेही. थोरल्या भावासाठी मी आवाज खाली नेला, शब्द ओढले. सभागृह हसून लोळत होतं. चारही बैठकांतलं सर्वांत मोठं हसू ते.

सगळे गेल्यावर वही उचलली. शेवटच्या नोंदीचं अक्षर बारीक, सरळ : 'मला हसू आलं नाही. मेघनाथ आमचा देव आहे. हे भाऊ आमच्यासारखे बोलतात आणि तुम्ही वाचलं तेव्हा सगळे हसले.' खाली नाव होतं. वसतिगृहात राहून बी. ए. करणारा कोरकू मुलगा, मेळघाटातला. दर शनिवारी दाराजवळ बसायचा.

मेळघाटात होळीच्या सुमारास कोरकू लोक मेघनाथाचा खांब पूजतात, हे मला माहीत होतं. फगव्याच्या दिवसांत एकदा जाऊन बघितलंही आहे. वाचताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. रावणाचा मुलगा म्हणजे राक्षस, राक्षस म्हणजे पुस्तकातलं पात्र, इतकं सरळ. गोंडांमध्येही ठिकठिकाणी रावण पूजला जातो. आपल्या जिल्ह्यांत राक्षस हा शब्द सगळ्यांचा शत्रू नाही, हे ज्या ग्रंथपालाने सांगायला हवं होतं तीच खालच्या पट्टीत डरकाळ्या फोडत होती.

काय केलं

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. चौथ्या बैठकीत तो भाग टाळून पुढे जायचं, म्हणजे कुणालाच काही कळणार नाही. त्या मुलाला उभं करून त्याची बाजू मांडायला सांगायची. किंवा तीच पानं पुन्हा वाचायची.

मी आधी दुसरी वाट धरली, आणि ती चुकीची निघाली. त्याला वसतिगृहात भेटायला गेले. तो सभ्यपणे ऐकत होता. मग म्हणाला, 'मॅडम, मीच का समजावू? मी लिहिलं ना वहीत.' मला राग आला, हे कबूल करते. माझा चांगुलपणा त्याने नाकारला असं वाटलं. घरी येईपर्यंत राग उतरला. सत्तर डोळ्यांसमोर आपल्या देवाचा परिचय करून द्यायचं काम त्याच्या गळ्यात घालून मला मोकळं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

चौथ्या बैठकीत मी त्याची नोंद, त्याची परवानगी घेऊन पण नाव न घेता, वाचून दाखवली. मग नवव्या प्रकरणातली तीच चार पानं पुन्हा वाचली, कुठलाही आवाज न काढता, जसं वर्तमानपत्र वाचतो तसं. कुणी हसलं नाही. पान उलटल्याचा आवाज येत होता. आजी म्हणाल्या, 'ह्यात हसन्यासारखं काय होतं वो मागल्या खेपी?' आणि थोडं थांबून, 'हे तं आपूनच बोलतो.'

त्यानंतर चर्चा झाली ती फार गोड नव्हती. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करणारे एक काका चिडले : 'आमी सोतावर हसतो, आमची दंडार त्याच्यावरच चालते. आता हसाले परवानगी लागन का?' त्यांचा मुद्दा खोटा नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, निघते, तिला वाटेल ते बोलत गावाबाहेर नेतात, बडग्याच्या पुतळ्याला कुणाचंही तोंड लावतात, आणि त्यात कुणाचा जीव जात नाही. पण मी काकांना विचारलं की दंडारीत वऱ्हाडी बोलणारा गडी शेवटी काय करतो. ते म्हणाले, 'पाटलाले, सावकाराले गुंडाळते.' या पुस्तकात तो खांबाला बांधलेला राहतो आणि शुद्ध बोलणाऱ्या भावाचं लग्न लागतं. काकांनी मान हलवली, पटल्याची होती की नाही ते सांगता येणार नाही. दोघे-तिघे 'आजकाल लोक फार मनाला लावून घेतात' म्हणत उठून गेले. त्या दिवशी १९ जण आले होते, शेवटी १४ उरले.

उरलेल्यांनी ठरवून लेखकाला पत्र लिहिलं. पत्रात मेघनाथाचा भाग होता, बोलीचा होता, आणि किराणा दुकानदाराच्या आग्रहाने पिठाचा हिशेबही होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन पानी, हाताने लिहिलेलं. मेघनाथाच्या खांबाबद्दल माहिती नव्हती, पुढची आवृत्ती निघाली तर तो प्रसंग बदलेन, असं त्यात होतं. बोलीबद्दल लेखकाने लिहिलं की आपल्याला ती गोड वाटते म्हणून वापरली. पत्र वाचून झाल्यावर आजींच्या नातीने विचारलं, 'गोड वाटते तं मंग राक्षसाले कामून नाई देल्ली?' याचं उत्तर आम्ही कळवलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पुस्तक पूर्ण वाचून निवडायचं, हे सांगायलाही लाज वाटते. पण लहान वाचनालयात ग्रंथपालच झाडतो, देवघेव करतो, अनुदानाचे कागद भरतो, आणि पूर्ण वाचण्याची वेळ रात्री दहानंतर येते. निदान मोठ्याने वाचायचं पुस्तक तरी आधी शेवटपर्यंत वाचायला हवं होतं.

मोठ्याने वाचणं आणि मनात वाचणं यातला फरक मी कमी धरला. त्या मुलाने ते पुस्तक नंतर एकट्याने वाचलं. त्याने मला सांगितलं की एकट्याने वाचताना राग आला, पण त्या संध्याकाळी वाटली तशी लाज वाटली नाही. आवाज माझा होता. लेखकाच्या खात्यावर सगळं टाकता येत नाही.

तक्रारीच्या अर्जावर आम्ही कार्यकारिणीच्या दोन बैठका आणि एक कायदा खर्च केला, कारण तो अर्ज आम्हाला ओळखीचा होता. वहीतल्या तीन ओळी आवक नोंदवहीत चढत नाहीत, म्हणून कार्यकारिणीपुढे त्या गेल्याही नाहीत. मी तोंडी सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, 'लेखी तक्रार आहे का?' आता अभिप्राय वही कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत टेबलावर ठेवायची असा ठराव केला आहे. दोन सभा झाल्या. एका सभेत कुणीतरी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

माझ्या मनात एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पानं पुन्हा वाचणं बरोबर होतं की मी मला मोकळं करून घेत होते? तो मुलगा त्या बैठकीला आला नव्हता.

सध्याची स्थिती

मुलगा वाचनालयात येतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नेतो. शनिवारी येत नाही. पुढच्या वर्षी कुठलं पुस्तक घ्यावं असं मी त्याला विचारलं नाही. त्याने आपणहून एक नाव चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवलं, ते मागवलं आहे.

बचत गटाच्या बायांनी 'राक्षसाचा दुसरा भाग' मागितला. तो लिहिला गेलेला नाही, तरी दर महिन्याला विचारणा होते.

कादंबरीची एक प्रत कपाटात आहे. दुसरी बाहेर आहे, परत करायची तारीख उलटून सात आठवडे झाले. ती पुन्हा नेणारे वर्गणीदार म्हणजे ज्यांनी अर्ज दिला होता तेच वडील. मागायला गेलं की दारातूनच सांगतात, 'थांबा ना मॅडम, घरची वाचून रायली.'